कॉम्प्युटर शट डाउनला अडकतोय? आधी नक्की कुठे अडकतो ते बघा

कॉम्प्युटर बंद होत नाहीये असं कुणी सांगितलं की मी पहिलं विचारते, बंद होत नाही म्हणजे नक्की काय होतं? समोरच्याला हा प्रश्न उगाच वाटतो, पण अर्धं उत्तर तिथेच असतं. एकाच्या स्क्रीनवर 'शटिंग डाउन' लिहिलेलं गोल चक्र फिरतच राहतं, दुसऱ्याचा स्क्रीन काळा होतो पण आत फॅन घुमत असतो आणि पॉवरचा लाइट जात नाही, तिसऱ्याचा बंद होतो आणि दोन सेकंदांत आपला आपण परत चालू होतो, आणि कुणाचा रात्री बंद केलेला सकाळी बघावा तर चालूच. तक्रार सगळ्यांची एकच, पण कारणं पार वेगळी. त्यामुळे नेटवर दिसेल तो उपाय आधी करून बघू असं करू नका, दोन-तीन वेळा शट डाउन करा, शेवटपर्यंत समोर बसा आणि कुठल्या टप्प्यावर अडकतो ते कागदावर लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आणि त्याआधी पॉवर बटणाबद्दल. माझ्या बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, "अगं, बटण दाबून धरलं की होतो की बंद, कशाला एवढं?" होतो बंद, खरंय, पण तो बंद होणं म्हणजे चालत्या मशीनचा वीजपुरवठा तोडणं. विंडोजच्या फाइल सिस्टीममध्ये जर्नल असतं, म्हणजे डिस्कवर काय बदलायचंय त्याची नोंद आधी होते, त्यामुळे अचानक वीज गेली तरी डिस्कचा सांगाडा बहुतेक वेळा सावरतो. पण तुमच्या फाइलमधला जो मजकूर मेमरीतून डिस्कवर जायचा राहिला होता तो गेलाच, आणि अपडेट लिहिलं जात असताना असं केलं तर विंडोज पुढच्या वेळी उठेलच याची खात्री नाही. एखाद्या वेळी नाइलाज असतो, तेव्हा करा, पण रोजची सवय म्हणून नको. नाइलाज कधी समजायचा? डिस्कचा छोटा लाइट लुकलुकत असेल किंवा स्क्रीनवर अपडेटचा टक्का दिसत असेल तर थांबायचं, जुन्या हार्ड डिस्कवर अपडेटला तासभरही लागू शकतो. अर्धा-पाऊण तास झाला, लाइट अजिबात हलत नाही, कॅप्स लॉक दाबला तर कीबोर्डवरचा दिवाही बदलत नाही, तर मग बटण दहा सेकंद दाबून धरा. त्याआधी बाहेरून लावलेली हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह असेल तर तिचाही लाइट शांत आहे ना ते बघा.

आता पहिली चाचणी, फुकटची आणि दोन मिनिटांची. शट डाउन न करता रीस्टार्ट करून बघा. रीस्टार्ट नीट होतंय आणि फक्त शट डाउनच अडकतंय, असं असेल तर माझा पहिला संशय फास्ट स्टार्टअपवर जातो. ही सोय २०१२ साली विंडोज ८ बरोबर आली आणि पुढे १० आणि ११ मध्येही आहे. यात होतं काय, तुम्ही शट डाउन म्हणता तेव्हा तुमचे प्रोग्रॅम आणि लॉगिन बंद होतं, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर, ग्राफिक्स अशा एकेका भागाला चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, पूर्ण बंद न होता त्यांची आहे ती अवस्था 'हायबरफिल' नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवली जाते, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथूनच पटकन उचलता येते. थोडक्यात कॉम्प्युटर अर्धा झोपतो. एखादा ड्रायव्हर या झोपेला तयार नसला की सगळं तिथेच लटकतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं खरंच बंद होऊन नव्याने सुरू होतं, म्हणून तिथे अडचण दिसत नाही.

हे खोटं वाटत असेल तर स्वतःच बघा. रात्री शट डाउन करा, सकाळी चालू करा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि खाली 'अप टाइम' लिहिलेलं असतं ते वाचा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तो आकडा शून्यापासून सुरू झालेला नसतो, तुम्ही रोज रात्री बंद करता तरी तिथे सहा दिवस, अकरा दिवस असं काहीतरी दिसतं. बाबांच्या मशीनवर मी पाहिलं तेव्हा तेवीस दिवस होते, आणि ते रोज झोपायच्या आधी न चुकता शट डाउन करणारे.

बंद करायचं असं. कंट्रोल पॅनलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडा, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' आहे त्यावर जा, वरती 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' असं निळ्या अक्षरात असतं ते दाबल्याशिवाय खालची टिक हलत नाही, बरेच जण इथेच थांबतात आणि म्हणतात आमच्याकडे ते राखाडी दिसतंय. ते दाबलं की खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' ची टिक काढा आणि सेव्ह करा. ही ओळच दिसत नसेल तर हायबरनेट, म्हणजे चालू अवस्था डिस्कवर लिहून झोपण्याची सोय, आधीच बंद असेल, मग हा मुद्दा तुमच्यासाठी नाही. टिक काढल्यावर चालू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतील, एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, असेल तर बहुतेक कळणारही नाही. माझं स्पष्ट मत, घरच्या कॉम्प्युटरला एसएसडी असेल तर ही सोय बंदच ठेवावी, वाचणाऱ्या चार-पाच सेकंदांपेक्षा तिचा त्रास जास्त. फक्त एकदाच तपासायचं असेल तर सेटिंग न बदलता शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, तेवढ्या वेळेपुरतं पूर्ण शट डाउन होतं. आणि त्याच पानावर वरती पॉवर बटण दाबल्यावर काय व्हावं तेही लिहिलेलं असतं, तिथे 'स्लीप' निवडलेलं असेल तर तुम्ही बटण दाबून बंद केला असं समजता आणि तो नुसता झोपलेला असतो, रात्री आपोआप उठणाऱ्या कॉम्प्युटरमागे कितीतरी वेळा हेच निघतं.

आता चक्र फिरत राहणाऱ्यांचं. शट डाउन म्हटलं की विंडोज आधी तुमच्या उघड्या प्रोग्रॅमना सांगतं की आवरा, मग मागे चालणाऱ्या सर्व्हिसेसना सांगतं, मग ड्रायव्हरना, आणि शेवटी मदरबोर्डला सांगतं की वीज तोड. पहिल्या पायरीवर कुणी अडलं तर 'धिस ॲप इज प्रिव्हेंटिंग यू फ्रॉम शटिंग डाउन' असं येतं आणि त्या प्रोग्रॅमचं नाव दिसतं. तिथे घाईने 'शट डाउन एनीवे' दाबू नका, एकदा कॅन्सल करा, बहुतेक वेळा सेव्ह न केलेली फाइल किंवा मागे लपलेली 'सेव्ह करू का' अशी खिडकी असते. रोज तोच प्रोग्रॅम येत असेल तर तो अपडेट करा किंवा काढून परत टाका, विषय संपला.

सर्व्हिसवर अडलं की मात्र नाव दिसत नाही, नुसतं चक्र. इथे एक सेटिंग आहे जी फार कमी लोकांना माहीत असते आणि मला विचाराल तर या सगळ्या भानगडीत सर्वात कामाची तीच. शट डाउन होताना विंडोज नक्की काय करतंय ते स्क्रीनवर लिहून दाखवायला लावता येतं. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा, तिचा एडिटर उघडायचा, म्हणजे विंडोजचं बटण आणि आर दाबून 'रन' ची चौकट आणायची, मग 'रेजएडिट' (regedit) टाइप करायचं, अर्थात इंग्रजी अक्षरांत. आत एचकी लोकल मशीन (HKEY_LOCAL_MACHINE), सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, पॉलिसीज, सिस्टीम, असं एकेक फोल्डर उघडत जायचं. उजवीकडे रिकाम्या जागी राइट क्लिक, न्यू, ३२ बिटची डीवर्ड व्हॅल्यू, नाव 'व्हर्बोजस्टेटस' (VerboseStatus), दोन शब्द जोडून, मध्ये जागा नाही, आणि किंमत १. रजिस्ट्रीत इतर कशाला हात लावू नका, आणि आधी फाइल मेनूतून एक्सपोर्ट करून एक प्रत ठेवा. मग रीस्टार्ट करा आणि त्यानंतर शट डाउन करून बघा.

बाबांच्या मशीनवर हे केलं आणि आम्ही दोघं समोर बसलो. आधी नुसतं 'शटिंग डाउन' दिसायचं तिथे आता ओळी बदलायला लागल्या, एक सर्व्हिस थांबतेय, दुसरी थांबतेय, भराभर, आणि मग एका ओळीवर येऊन सगळं ठप्प. नाव होतं एका जुन्या प्रिंटरबरोबर आलेल्या सर्व्हिसचं, जी शाई किती उरली ते बघत बसते. तो प्रिंटर घरातून जाऊन तीन वर्षं झाली होती. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला कारण नाव लांबलचक होतं, मग सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत जाऊन त्या प्रिंटरचं सगळं सॉफ्टवेअर काढलं, आणि पुढचं शट डाउन अकरा सेकंदांत झालं, मी घड्याळ लावून मोजलं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त परत एकदा चालू करून परत एकदा बंद करून बघितला.

प्रिंटरचा अजून एक प्रकार असतो, प्रिंटर नवा आणि चांगला असतो पण कुठलं तरी जुनं प्रिंट रांगेत अडकलेलं असतं. त्यासाठी 'सर्व्हिसेस' मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' थांबवा, सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टीम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली उडवा, फोल्डर नको हं, फक्त आतल्या फाइली, आणि स्पूलर परत सुरू करा.

ओळींमधूनही काही कळलं नाही तर क्लीन बूट, म्हणजे बाहेरचे प्रोग्रॅम बंद ठेवून विंडोज सुरू करणं. रनमध्ये 'एमएसकॉन्फिग' (msconfig) टाइप करा, सर्व्हिसेसच्या टॅबवर खाली 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' ला आधी टिक करा, हे विसरलात तर विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेस बंद होतील आणि नवीन दुखणं मागे लागेल, मग 'डिसेबल ऑल'. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप यादीतलंही सगळं बंद करा आणि रीस्टार्ट. आता शट डाउन नीट झालं तर चोर या बंद केलेल्यांमध्येच आहे. तीस-चाळीस सर्व्हिसेस एकेक तपासत बसू नका, अर्ध्या चालू करा, अडकलं तर त्या अर्ध्यात, नाही अडकलं तर उरलेल्या अर्ध्यात, परत त्याचे दोन भाग, पाच-सहा रीस्टार्टमध्ये नेमका सापडतो. अँटीव्हायरस, व्हीपीएन, बॅकअपचे प्रोग्रॅम आणि आरजीबी लाइट चालवणारी सॉफ्टवेअर आधी तपासा. दोन अँटीव्हायरस एकत्र असतील तर एक आजच काढा.

नेटवर तुम्हाला सल्ला मिळेल की रजिस्ट्रीत 'वेट टू किल सर्व्हिस टाइमआउट' कमी करा म्हणजे लवकर बंद होईल. विंडोज ८ पासून ती किंमत मुळातच ५००० मिलिसेकंद म्हणजे पाच सेकंद आहे. ती आणखी कमी केली तर ज्या सर्व्हिसला डेटा लिहायला खरंच तेवढा वेळ हवा असतो तिलाही मध्येच मारलं जातं, म्हणून मी हे कुणाला सांगत नाही. उलट एक रजिस्ट्री सेटिंग आहे जी आधीच कुणी बदललेली नाही ना ते बघण्यासारखं आहे, 'क्लिअर पेज फाइल ॲट शटडाउन'. जुन्या 'कॉम्प्युटर सुरक्षित करा' छापाच्या टूलनी ती १ करून ठेवलेली असते, मग दर वेळी बंद होताना विंडोज काही जीबीची पेज फाइल, म्हणजे मेमरी कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा, पुसत बसतं आणि आपल्याला वाटतं अडकलाय. एचकी लोकल मशीनमध्येच सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर, मेमरी मॅनेजमेंट असं गेलं की सापडते, घरच्या वापराला ० बरोबर.

स्क्रीन काळा झाला आणि फॅन चालूच, हा बहुतेक ड्रायव्हरचा मामला. सगळ्यात आधी माउस आणि कीबोर्ड सोडून यूएसबीला लावलेलं सगळं काढा, वेबकॅम, वायफायचा डोंगल, हब, गेमपॅड, बाहेरची डिस्क, सगळं, आणि बंद करून बघा. झाला बंद, तर एकेक लावत जा. नाही झाला, तर सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अगदी गरजेच्या ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जाऊन बघा, शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं की ट्रबलशूटमधून तिथे जाता येतं. सेफ मोडमध्ये नीट बंद होत असेल तर ड्रायव्हर किंवा बाहेरचं सॉफ्टवेअर हे पक्कं. ड्रायव्हर लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून, तुमच्या मॉडेलचाच घ्या, 'सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो' म्हणणारी टूल नकोत. चिपसेट, ग्राफिक्स, नेटवर्क आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर इंटेल मॅनेजमेंट इंजिनचा ड्रायव्हर, हे चार आधी. शेवटचं नाव लोकांना माहीत नसतं, पण २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा कितीतरी लॅपटॉप याच एका ड्रायव्हरमुळे काळ्या स्क्रीनवर अडकत होते.

बंद होऊन लगेच चालू होणाऱ्यांनी हे करा. रनमध्ये 'सिसडीएम डॉट सीपीएल' (sysdm.cpl), ॲडव्हान्स्ड टॅब, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' ची सेटिंग्ज, आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' ची टिक काढा. होतं असं की बंद होता होता शेवटच्या क्षणी विंडोज क्रॅश होतं आणि ही टिक असल्यामुळे लगेच रीस्टार्ट होतं, आपल्याला क्रॅश दिसतच नाही. टिक काढली की एररचा स्क्रीन समोर थांबतो. त्यावर 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' असेल तर कुठला तरी ड्रायव्हर वीज कमी करायच्या हुकमाला वेळेत उत्तर देत नाहीये, परत वरच्या ड्रायव्हरच्या भागाकडे जा. क्रॅश नसेल तर नेटवर्क कार्ड बघा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर 'अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर' ची टिक काढा, आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून चालू होणं) किंवा पीसीआयवरून चालू होण्याचा पर्याय बंद करा. भिंतीवरचं बटण चालू केलं की कॉम्प्युटर आपोआप सुरू होत असेल तर बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं ते 'पॉवर ऑफ' वर ठेवा.

एक प्रकार दोष नसूनही लोकांना घाबरवतो. कॉम्प्युटर बंद झालाय, फॅन थांबलाय, पण माउसचा लाइट चालू. तो बंद झालेलाच आहे, बरेच मदरबोर्ड बंद असतानाही यूएसबीला वीज देतात. नकोसं वाटत असेल तर बायोसमध्ये 'ईआरपी' नावाचा पर्याय चालू केला की बहुतेक बोर्डांवर तेही थांबतं.

'अपडेट अँड शट डाउन' निवडूनही रीस्टार्ट होऊन लॉगिन स्क्रीनवर येऊन थांबतो, ही तक्रार असेल तर तुमची चूक नाही, तो विंडोजमधलाच दोष होता आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने तो दुरुस्त केल्याचं २०२५ च्या ऑक्टोबरअखेरच्या अपडेटच्या नोंदीत लिहिलंय. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तिथे सोपा मार्ग म्हणजे अपडेट आणि रीस्टार्ट करायचं, आणि नंतर वेगळं शट डाउन करायचं.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, त्याची भीती बाळगू नका. स्टार्टवर राइट क्लिक करून उघडा, विंडोज लॉग्ज, मग सिस्टीम. हजारो ओळी आणि लाल खुणा दिसतील, त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी असतात, तुम्ही फक्त नंबर शोधा. १०७४ म्हणजे शट डाउन कुणी सांगितलं त्याची नोंद, ६००६ म्हणजे नीट बंद झालं, ६००८ म्हणजे मागचं बंद होणं अनपेक्षित होतं, ४१ म्हणजे नीट बंद न होता परत चालू झालं. १०७४ आहे आणि त्यानंतर ६००६ नाही, तर त्या दोन वेळांच्या मधल्या ओळी वाचा, तिथे कुणाचं तरी नाव परत परत येत असतं.

विंडोजच्या स्वतःच्या फाइली बिघडल्याचा संशय असेल तर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी 'डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ' (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth) आणि ते संपलं की 'एसएफसी /स्कॅननाऊ' (sfc /scannow), याच क्रमाने, कारण पहिली दुसरीला लागणारा साठा दुरुस्त करते. पहिली ६२ टक्क्यांवर बराच वेळ थांबल्यासारखी दिसते, खिडकी बंद करू नका.

लिनक्सवाल्यांचं काम तसं सोपं, तिथे 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' असं लिहून पुढे त्या सर्व्हिसचं नाव आणि दीड मिनिटाची उलटी मोजणी दिसते, तिथल्या सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टमडीची मुदत मुळातच ९० सेकंद असते. मोजणी संपली की तो तिला मारून पुढे जातो. नाव टिपून घ्या आणि पुढच्या वेळी 'जर्नलसीटीएल -बी -१' (journalctl -b -1) देऊन मागच्या वेळचा लॉग वाचा.

आणि हे सगळं करूनही विंडोज, सेफ मोड, लिनक्सचा पेन ड्राइव्ह, कशातूनही वीज तुटत नसेल तर बायोस अपडेट, आणि तरीही तेच असेल तर दोष हार्डवेअरचा धरा. डेस्कटॉपच्या डब्यावरचं पॉवर बटण दाबून बघा, ते आत रुतून बसत असेल, बोट काढल्यावर टचकन बाहेर येत नसेल, तर बंद झालेल्या मशीनला तेच परत चालू करत असतं. वीज काढून, मदरबोर्डवरून त्या बटणाची बारीक दोन तारांची पिन सोडवा, परत वीज लावून, तुमच्या बोर्डच्या पुस्तिकेत पॉवर स्विचच्या म्हणून दाखवलेल्या त्याच दोन काड्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून चालू करा, आणि मग विंडोजमधून शट डाउन द्या. आता बंद राहिला तर फक्त ते बटण बदलायचं.